यादी फलकावर लावताना
(कुरुंदा येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षकांपुढे केलेले भाषण)



२०२२ च्या जुलैमध्ये या गावात पुराचे पाणी घराघरांत शिरले, हे आपणांपैकी कोणी विसरलेले नसेल. अशा आपत्तीनंतर मदतीच्या याद्या होतात. ज्याचे नाव राहून गेले तो म्हणतो, "यादी दाखवा." ज्याचे नाव आहे तो म्हणतो, "माझा खातेक्रमांक चारचौघांत कशाला?" दोघांचेही म्हणणे रास्त आहे.

महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्येच लागू केला. केंद्राचा कायदा २००५ चा. त्यातील कलम ८(१)(ञ) प्रमाणे, सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा एखाद्याच्या खासगी जीवनात अकारण शिरकाव करणारी माहिती नाकारता येत असे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. पुढे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहितीविषयक अधिनियमाने हे पोटकलम बदलले आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. जुन्या अटी गेल्या. वैयक्तिक माहिती एवढाच उल्लेख उरला.

यादीत नावे आहेत, सबब ती वैयक्तिक, सबब देता येत नाही, असे उत्तर लिहिणे आता फार सोपे झाले आहे. (आम्हा कार्यालयीन मंडळींना सोपे उत्तर प्रिय असते, हे मी मान्य करतो.) परंतु कलम ४ जागेवरच आहे. अनुदानाची योजना कशी राबविली, रक्कम किती, लाभार्थी कोण, हे कोणी न मागताही प्रसिद्ध करावयाचे आहे. कलम ८(२) ही कायम आहे. होणाऱ्या हानीपेक्षा लोकहित मोठे असेल, तर माहिती देता येते.

दुसऱ्या टोकाची चूक माझ्याच हातून घडली आहे. एका कार्यालयात असताना लाभार्थ्यांची यादी मी आधार व खातेक्रमांकांसह जशीच्या तशी फलकावर लावू दिली. एका वृद्ध बाईंनी आपल्या नावापुढील आकड्यांवर बोट ठेवून विचारले, "साहेब, हे समद्यांनी वाचायचं का?" यादी तत्काळ उतरविली. दुसऱ्या दिवशी नाव, वस्ती, रक्कम एवढेच रकाने ठेवून ती पुन्हा लावली. कोणी अर्ज करून यादी मागितली, तरी हेच करता येते: कलम १० प्रमाणे झाकावयाचा भाग वगळून उरलेला द्यावा. शाळेतील शिष्यवृत्तीच्या यादीलाही हाच न्याय लावावा.

आणि नकार द्यावयाचाच असेल, तर कारण, कलम व अपिलीय अधिकाऱ्याचे नाव लेखी कळवावे. पहिल्या अपिलास अर्जदाराजवळ ३० दिवस असतात.