चेहरा : खरा आणि भासमान



चैत्री पौर्णिमेला या हिंजवडीतून म्हातोबाचे बगाड वाकडला जाते, आणि त्याच सुमारास वसंत व्याख्यानांचाही हंगाम येतो. बगाडाला लोटते तेवढी गर्दी व्याख्यानाला लोटत नाही, याचे आम्हाला वैषम्य नाही. आलेल्यांशी निवांत बोलता येते.

आज येथे येताना आम्ही पाऊण तास वाहनांच्या रांगेत अडकलो होतो. इकडेतिकडे पाहण्यावाचून दुसरा उद्योग नव्हता. रस्त्याकडेला एक उंच इमारत बांधली जात होती आणि तिच्या सज्जाला काळे मडके टांगले होते. मडक्यावर चुन्याने दोन वटारलेले डोळे आणि विचकलेले दात काढलेले. संगणकावर आराखडे काढणाऱ्यांनाही दृष्ट लागण्याचे भय असते, असे मनात येऊन आम्ही हसलो. पण लगेच ध्यानात आले की, समोरून येणाऱ्या मोटारींकडे आपणही तोंडे म्हणूनच पाहत आहोत. दिवे हे डोळे, मधली जाळी हे तोंड; एक मोटार रागीट, दुसरी अगदी गरीब स्वभावाची! पिंपरी-आकुर्डी-चाकणच्या कारखान्यांतून वाहनांचे भाग बाहेर पडताना पाहणाऱ्या आमच्या श्रोत्यांनाही हा अनुभव असेल. व्हिएन्नाच्या काही संशोधकांनी 2008 मध्ये लोकांना मोटारींची पुढची बाजू दाखवून प्रत्येकीचा स्वभाव विचारला, तेव्हा उत्तरांत बरीच एकवाक्यता आढळली. पुढे इथिओपियातील लोकांना विचारले, तर त्यांचीही उत्तरे पुष्कळशी तशीच आली.

ही गंमत आपल्या पूर्वजांना फार आधीपासून ठाऊक होती. मूर्तिकाराचा हात न लागलेला धोंडा देव म्हणून पूजला जातो, त्याला आपण तांदळा म्हणतो. त्यावर शेंदराचे लेप चढतात. पण रुप्याचे दोन डोळे बसले की तो दगड आपल्याकडे पाहू लागतो. माहूरची रेणुकामाता म्हणजे शेंदूरचर्चित भव्य मुखच. धड नाही, हातपाय नाहीत, आणि भक्ताला त्यात काही उणे वाटत नाही. चिंचवडच्या मोरया गोसावींचे आराध्य जो मोरगावचा मयूरेश्वर, त्याच्या नेत्रांत हिरे आहेत. देवाला दगड ठरवण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. तो प्रांत श्रद्धेचा. आम्हाला कौतुक आहे ते हे, की ज्याने कोणी धोंड्याला प्रथम डोळे बसवले, त्याला मेंदूचे शास्त्र न शिकताच त्याचे मर्म कळले होते.

ते मर्म असे. आपल्या मेंदूत कानशिलाच्या मागे, खालच्या अंगाला एक छोटा प्रदेश आहे. बहुतेकांत तो उजवीकडे अधिक प्रबळ असतो. घर, भांडे, झाड पाहताना तो मंद असतो, पण चेहरा दिसताच जोराने कामाला लागतो. नॅन्सी कॅनविशर या अमेरिकन विदुषीने सहकाऱ्यांसह 1997 मध्ये हे दाखवून दिले. हा ओढा किती उपजत आहे पाहा : 1975 मधल्या एका प्रयोगात जन्मून काही मिनिटेच झालेली अर्भके डोळे-नाक-तोंड यथास्थित काढलेल्या पाटीकडे मान वळवत, तेच अवयव विस्कटून काढले तर तितकी वळवत नसत.

आता खऱ्या आणि भासमान चेहऱ्यांतला भेद. सुझन वॉर्डल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2020 मध्ये माणसांना तीन प्रकारची चित्रे दाखवली : खरे चेहरे, साध्या वस्तू, आणि चेहऱ्याचा भास होणाऱ्या वस्तू. मेंदूतील सूक्ष्म चुंबकीय फेरफार टिपत गेल्यावर दिसले ते असे, की चित्र पाहिल्यापासून सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्शात मेंदू भासमान चेहऱ्याला खऱ्याच्या पंगतीला बसवतो. आणि पाव सेकंद होतो न होतो तोच त्याला तेथून उठवून वस्तूंच्या पंगतीत धाडतो! म्हणजे आधी 'माणूस!' अशी आरोळी, आणि मागाहून 'छे, हे तर मडके' अशी दुरुस्ती. एरवी आपण म्हणतो की नीट न पाहिल्यामुळे भास होतो. येथे तर पाहण्याची पहिली पायरीच भासाची आहे. शास्त्रज्ञांचा तर्क असा, की ही चूक फायद्याची असावी. तिन्हीसांजेला झुडपाला माणूस समजलो तर दचकण्यापलीकडे नुकसान नाही. दबा धरून बसलेल्या माणसाला झुडूप समजलो तर मात्र खैर नाही. माकडेही अशा भासमान चेहऱ्यांकडे डोळे लावून बसतात, हे 2017 मध्ये दिसून आले आहे; तेव्हा हा आपल्या अडाणीपणाचा दोष म्हणता येत नाही. जाता जाता सांगतो : भिंतीत, बटाट्यात, ढगात दिसणारा चेहरा लोकांना बहुधा पुरुषाचा वाटतो, असे 2022 मध्ये आढळले. भगिनीवर्गाने याचा अर्थ हवा तो घ्यावा.

उलट बाजूही आहे. जर्मनीतील बोडामर या वैद्याने 1947 मध्ये मेंदूला जखम झालेल्या काही सैनिकांचे वर्णन केले. त्यांना डोळे दिसत, नाक दिसे, पण ओळखीचा चेहरा ओळखता येत नसे. हा विकार काहींना जन्मतःही असतो. 'समोरून गेला आणि बोललाही नाही' असा राग धरण्यापूर्वी इतके लक्षात असू द्यावे.

आणि आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. आमच्या एका आत्याबाई 82 वर्षांच्या होत्या. संध्याकाळी त्यांना पडद्यावरच्या फुलांत माणसे दिसू लागली. 'ही मंडळी केव्हाची बसली आहेत, त्यांना चहा विचारा,' असे त्या सुनेला म्हणत. घर हादरले. कोणी म्हणाले, बाहेरची बाधा आहे. एका देवऋषीला बोलावणे गेले, धुरी झाली, अंगारे झाले, आणि दोन महिने गेले. आम्ही शिकलेले लोक, पण तोंडाला कुलूप लावून बसलो, याची आज लाज वाटते. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे महाराष्ट्रात 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे; आमच्याकडे मारहाण झाली नाही एवढेच.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडे नेले, तेव्हा विकाराला नाव मिळाले. ल्युई बॉडी नावाचा स्मृतिभ्रंशाचा एक प्रकार आहे. त्यात असे भास फार होतात. जपानी वैद्यांनी 2012 मध्ये अशा रोग्यांना फुलापानांची चित्रे दाखवून, ते त्यांत चेहरे पाहतात काय हे तपासले, आणि ती खूण रोग ओळखायला उपयोगी पडते असे दाखवले. पहिली आरोळी त्यांच्या मेंदूत आपल्यासारखीच उठते. मागाहूनची दुरुस्ती लंगडी पडत असावी. या रोग्यांना भ्रमावरची काही औषधे फार बाधतात, म्हणून परस्पर गोळ्या देऊ नयेत आणि डॉक्टरांना भासांची हकीकत न लाजता सांगावी.

आम्ही फुलांचा पडदा काढून साधा लावला आणि खोलीत तिन्हीसांजेआधीच मोठा दिवा लावू लागलो. मंडळींचे येणे पुष्कळ कमी झाले. छताच्या ओलीचा एक डाग तेवढा राहिला. त्यात आत्याबाईंना त्यांचे थोरले बंधू दिसत. रंगारी आला तेव्हा त्या म्हणाल्या, 'तेवढे राहू द्या, ते कोणाला त्रास देत नाहीत.' आम्ही राहू दिले.