रानातले मेलेले माकड कोणाच्या वहीत?

(पावस येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



साथीच्या रोगांचा विषय निघाला की आपण रुग्णालये, खाटा, औषधे यांची चर्चा करतो. मला आज त्याआधीच्या काळाविषयी बोलायचे आहे. पहिला रुग्ण तापाने फणफणतो आणि ही साथ आहे असे शासनाच्या ध्यानात येते, या दोहोंच्या मध्ये जे दिवस जातात, त्यांचा हिशेब कोणी विचारत नाही. साथीचा विस्तार मात्र बहुधा त्याच दिवसांत ठरून जातो.

उदाहरणासाठी दूर जायला नको. आपल्या शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग तालुक्यात, २०१६ च्या आरंभी माकडतापाचे रुग्ण आढळले. हा रोग १९५७ साली कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. २०१५ मध्ये तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आला होता. तेथून दोडामार्ग ते कितीसे लांब? पुढे सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरालाही त्याने ग्रासले. रोग पसरतो गोचिडीच्या चाव्याने, आणि गोचिडींचा हंगाम व काजूचा हंगाम एकच. काजू वेचण्यासाठी पालापाचोळ्यात वाकणाऱ्या माणसाला हा धोका सर्वांत अधिक. परंतु माणूस आजारी पडण्याच्या आधी अनेकदा रानात माकडे मरून पडलेली दिसतात. म्हणजे निसर्गाने वर्दी दिलेली असते. ती वाचायची कोणी? वनरक्षकाच्या लेखी ते मेलेले जनावर, आरोग्यसेवकाच्या लेखी ते आपल्या खात्याबाहेरचे, आणि बागायतदाराच्या लेखी, खरे सांगायचे तर, एक उपद्रव कमी झाला!

आपल्या पूर्वजांना ही वर्दी वाचता येत होती. घरात उंदीर पडू लागले की गाव सोडून माळावर झोपड्या बांधून राहायचे, हा प्लेगच्या काळातील शहाणपणा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नव्हता. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. ते कोणी सरकारी शोधपथक नव्हते. रुग्णाच्या घरी जाणारा एक डॉक्टर होता. पुढे सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला आणि पुण्यात जी जबरदस्ती झाली, ती आपण जाणतोच. उशिरा जागे झालेले शासन कठोर होते, असा माझा पत्रकारितेतील अनुभवही आहे.

शंभर वर्षांनी काय घडले? ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावात लोक पिसवांनी हैराण झाले होते, उंदीर मरत होते. त्यामागोमाग गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आले. सप्टेंबरात सुरतेहून लाखो लोक पळाले, आणि परदेशांनी भारताशी विमान व व्यापारसंबंध आखडते घेतले. पिसवांची तक्रार क्षुल्लक मानण्याची किंमत देशाला मोजावी लागते ती अशी.

यानंतर व्यवस्था उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे. २००४ मध्ये एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प सुरू झाला. महाराष्ट्र त्याच्या पहिल्या टप्प्यातच होता. आरोग्यसेवकाने लक्षणे नोंदवायची, वैद्यकीय अधिकाऱ्याने संभाव्य निदान, प्रयोगशाळेने खात्री, अशी तीन पत्रके दर आठवड्याला वर जाऊ लागली. एप्रिल २०२१ पासून ही माहिती संगणकावर रोजच्या रोज भरण्याची सोय झाली. २००८ मध्ये वृत्तपत्रांतील बातम्या चाळून त्यांची शहानिशा करणारा कक्षही दिल्लीत स्थापन झाला. तालुक्याच्या वार्ताहराने दिलेली एकस्तंभी बातमी कोणीतरी गांभीर्याने वाचते, याचा आम्हा मंडळींना आनंदच आहे!

तरीही एक मोठे भोक राहते. ताप आलेला माणूस आधी सरकारी केंद्रात जातो कोठे? तो जवळच्या खासगी डॉक्टरांकडे जातो. समजा, पावस पंचक्रोशीतील पाच जणांना एकाच आठवड्यात सारखाच ताप आला. एक गावातल्या दवाखान्यात, दोघे रत्नागिरीत वेगवेगळ्या डॉक्टरांकडे, एक कोल्हापुरास, आणि गणपतीला आलेला चाकरमानी परत मुंबईस. प्रत्येक डॉक्टरापुढे एकच रुग्ण असतो. लेप्टो, डेंग्यू, माकडताप, सर्वांची सुरुवात तापानेच होते. एकटा रुग्ण कोणालाही दचकवत नाही. पाच जण एका कागदावर आले तरच ते दिसतात. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता भागात गिया-बारे विकाराचे रुग्ण खासगी रुग्णालयांत दाखल होऊ लागले. हा विकार विरळा असल्याने एकदम आलेले रुग्ण डोळ्यांत भरले आणि महापालिकेला कळवले गेले. साधा ताप असता तर?

जगात आता एक मापदंड सांगितला जातो: सात दिवसांत साथ ओळखावी, एका दिवसात कळवावी, पुढील सात दिवसांत प्राथमिक उपाय उभे करावेत. आपल्या तालुक्याची याच मापाने तपासणी करा. वहीतला 'शून्य रुग्ण' हा शेरा प्रत्यक्ष फिरून लिहिला की बसल्या जागी, हे ग्रामसभेत विचारा. विचारताना त्या आशाताईंवर मात्र चिडू नका. दहा कामांचे ओझे तिच्या खांद्यावर आहे.

आणि बदनामीचे भय? पावसचा हापूस, स्वामींच्या समाधीला येणारे भाविक, यांच्यावर परिणाम होईल म्हणून आजार झाकावा, असे कोणी कुजबुजेलही. लपविलेली साथ महिन्याने उघडी पडते, तेव्हा हंगाम तर जातोच, माणसेही जातात.

काजूच्या दिवसांत रानात माकड मेलेले दिसले तर त्याला हात लावू नका, पुरूही नका. जागा लक्षात ठेवा आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र व वनखाते या दोघांनाही कळवा. एकाला कळवले की दुसऱ्याला कळते, असे समजू नका.