डोंगरवाटेचे बूट घेताना

आमच्या गटातल्या बायकांच्या मुली वनरक्षक भरतीसाठी पहाटे डोंगरवाटेनं पळतात. गेल्या पावसाळ्यात एकजण भावाचे सैल बूट घालून पळाली, उतारावर घसरली. घोटा मुरगळला आणि तिची भरती हुकली. तेव्हा आम्ही ठरवलं, गटातून कर्ज देऊ, पण बूट पायाचेच घेऊ.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरानं पाय थोडा फुगलेला असतो. पळतानाचेच मोजे घालून जा. दोन्ही पाय मोजा, मोठ्या पायाचं माप धरा. नुसत्या नंबरावर जाऊ नका, प्रत्येक कंपनीचा नंबर वेगळा बसतो. उभं राहिल्यावर बोटांपुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी, नाहीतर उतरताना नखं काळी पडतात. टाच मात्र आत हलता कामा नये. तळाचे दाते खोल आणि विरळ असले, की चिखल अडकून राहत नाही. दुकानाच्या पायऱ्या चढून-उतरून बघा.

ओले बूट चुलीपाशी ठेवू नका, तळ सुटतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत वाळवा.

पोरीच्या बुटांना एवढा खर्च कशाला, असं घरी कुणी म्हणालं तर सांगा, हुकलेली भरती त्याहून महाग पडते.