गायरानाचा हिशेब
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



गुरं रवंथ करतात, ढेकर देतात, त्यातून मिथेन वायू निघतो आणि जग तापतं, असा आरोप आपल्या दावणीवर होतो आहे. आरोप खोटा नाही. शंभर वर्षांच्या हिशेबानं एक किलो मिथेन म्हणजे सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइड. २०२१ साली ग्लासगोला शंभरावर देशांनी मिथेन ३० टक्के कमी करण्याचं कबूल केलं. भारतानं सही केली नाही, ठीकच केलं.

गाईच्या पोटातला कर्ब गवतातून येतो आणि गवत तो हवेतूनच घेतं. मिथेन बाराएक वर्षांत विरतो. कोळशा-डिझेलचा कर्ब मात्र जमिनीच्या पोटातून नव्यानं वर येतो आणि शतकानुशतकं हवेत राहतो. दोन्ही एकाच तराजूत घालणाऱ्यांशी आम्ही भांडू.

पण भांडताना गायरानाकडेही बघावं लागेल. कोरडवाहू मुलखात गवताची बरीचशी कमाई मुळांत असते. जुनी मुळं कुजतात, त्यांचा कर्ब मातीत राहतो. भुसभुशीत मातीतले जिवाणू हवेतला थोडा मिथेनही खातात. मृग बरसला, हिरवी लव दिसली की आपण गुरं सोडतो. पानच राहिलं नाही तर मूळ कशावर वाढणार? ओल्या मातीवर खूर पडले की ती दबते, हवा खेळत नाही. पवन्या, मारवेल जातात, कुसळी उरते. पुढं तीही जाते आणि वरची माती कर्बासकट ओढ्याला लागते.

मग चराईच बंद करायची? मुळीच नाही. चीनमधल्या अंतर्गत मंगोलियाच्या कुरणांवरचा एक अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. तिथं चरलेल्या कुरणातून नायट्रस ऑक्साइड कमी निघाला, कारण न चरलेलं उंच गवत बर्फ धरून ठेवतं आणि ते वितळताना हा वायू उसळतो. आपल्याकडे बर्फ नाही, तो निकाल इथं लागू नाही. पण जनावर म्हणजे नुकसानच, असं सरसकट म्हणणाऱ्याला एवढं सांगता येतं.

आम्ही ग्रामसभेपुढं मांडतो ते असं. गायरानाचे तीन तुकडे करा. एक तुकडा पहिल्या पावसापासून बी झडेपर्यंत बंद, मग विळ्यानं कापणी. दरसाल तुकडा बदला. हिवरे बाजारनं चराईबंदी केली, तिथं गवत वाढलेलं सगळ्यांनी पाहिलं आहे. मात्र कापलेल्या गवतात पहिला वाटा भूमिहीनाच्या शेळ्यांचा. नाहीतर बंदी फक्त त्याच्यावरच पडते.

पुढच्या बैठकीला येताना आपापल्या गावच्या गायरानाचा सातबारा घेऊन या. किती एकर कागदावर आहे आणि किती जाग्यावर, तिथूनच सुरुवात करू.