परत आलेला चेक : लाज नको, जाग हवी



आजचा विषय रूक्ष वाटेल. परंतु तो आपल्या प्रत्येक घरातला आहे. इस्रायलमध्ये घरभाड्याचे बारा महिन्यांचे चेक आगाऊ लिहून देण्याची पद्धत आहे. त्यामुळे चेक देणे आणि घेणे, दोन्ही आपल्याला चुकत नाही.

माझी आई येथे आल्यावर शिवणकाम करीत असे. एकदा मजुरीचा चेक तिने रविवारी भरला. दुसऱ्या दिवशी रक्कम खात्यात जमा दिसली. त्या भरवशावर तिने विजेचा आणि किराण्याचा असे दोन चेक लिहिले. त्याच आठवड्यात मजुरीचा चेक परत आला, रक्कम वजा झाली आणि तिचे दोन्ही चेक नाकारले गेले. दोष दुसऱ्याचा, पण मान खाली गेली तिची. कित्येक महिने ती ही गोष्ट कोणाजवळ बोलली नाही.

येथे पहिला धडा असा : जमा दिसणारी रक्कम लगेच आपली होत नाही. चेक देणाऱ्याच्या बँकेला तो नाकारण्यासाठी काही कामकाजाचे दिवस असतात. ते उलटेपर्यंत त्या पैशावर नवा चेक लिहू नये.

चेक परत आला, तर प्रथम कारण वाचावे. ‘एन किसुई’ म्हणजे खात्यात पुरेशी रक्कम नाही. ‘होराअत बितुल’ म्हणजे देणाऱ्यानेच तो थांबविला. कधी तारीख चुकलेली असते, कधी सही जुळत नाही. आपल्यातील काही वडीलधारी आजही मराठीत सही करतात. बँकेत नोंदलेली सही आणि चेकवरची सही एकच असावी.

देणाऱ्याशी आधी सौजन्याने बोलावे. त्याने दाद दिली नाही, तर न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता थेट अंमलबजावणी कार्यालयात, म्हणजे ‘होत्साआ लापोआल’मध्ये, चेक दाखल करता येतो. देणाऱ्याला तेथे हरकत घेण्याची संधी असते. म्हणून परत आलेला चेक, किंवा बँकेने दिलेली त्याची अधिकृत प्रत, फाडून टाकू नये.

आता देणाऱ्याची बाजू. 1981 च्या कायद्याप्रमाणे 12 महिन्यांत 10 चेक पुरेशा रकमेअभावी नाकारले गेले आणि पहिल्या व शेवटच्या चेकमध्ये किमान 15 दिवसांचे अंतर असले, तर खात्यावर एक वर्ष निर्बंध येतो. त्या काळात चेक लिहिता येत नाहीत. पाच चेक नाकारले गेल्यावर बँक इशाऱ्याचे पत्र पाठविते. ते पत्र हिब्रूत असते, आणि न समजल्यामुळे कपाटात पडून राहते. संयुक्त खात्यात मुलाच्या धंद्याचे चेक परत आले, तर त्याची झळ आईवडिलांनाही लागू शकते. म्हणून मुख्य खातेदार कोण, हे बँकेत आधीच ठरवून ठेवावे.

मजुराची मजुरी अडवून ठेवू नये, ही तोराची आज्ञा आपण जाणतो. न वटणारा चेक हातावर ठेवणे म्हणजे मजुरी अडविणेच होय. चेक लिहिताना हे स्मरावे. आणि बँकेचे पत्र आले, तर लपवू नका. घरातल्या हिब्रू जाणणाऱ्या नातवाला त्याच दिवशी वाचायला द्या. माझ्या आईला असा आधार नव्हता. आपल्याला आहे.

शालोम.