युरेनियमही संपणारेच आहे

मुळशी तालुक्यात विजेबद्दल बोलायचे तर सुरुवात धरणापासूनच करावी लागते. 1921 मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली इथल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, तरी धरण झाले. त्याचे पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरते आणि वीज मुंबईकडे जाते. ते पाणी दर पावसाळ्यात पुन्हा भरते. चंद्रपूरचा कोळसा एकदा जळाला की संपला. म्हणून अणुऊर्जेकडे वळा, असे सांगितले जाते. मला ते पटते, पण एका अटीवर.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीतला इंधनाचा एक जुडगा जेमतेम अर्धा मीटर लांब असतो: 37 नळ्या आणि त्यांत युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या. 540 मेगावॅटच्या अशा एका भट्टीला वर्षाला शंभर टनांहून कमी युरेनियम पुरते. तेवढ्याच विजेसाठी आपला कोळसा पंचवीस लाख टनांच्या घरात जाळावा लागेल. पण नैसर्गिक युरेनियमात सहज विखंडन होणारा भाग शेकडा 0.7 एवढाच असतो. बाकीचे बहुतेक सगळे तसेच बाहेर पडते. एकदा वापरून टाकून देण्याची ही रीत चालू ठेवली, तर युरेनियमचीही गत कोळशासारखीच होणार. आपल्या खाणी तुटपुंज्या आहेत, आणि परक्या इंधनाचा भरवसा किती हे तारापूरने दाखवून दिले आहे. 1969 मध्ये सुरू झालेल्या तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकी समृद्ध, म्हणजे विखंडन होणारा भाग वाढवलेल्या युरेनियमवर चालत. 1974 च्या पोखरण अणुचाचणीनंतर तो पुरवठा अडला. जैतापूरच्या नियोजित सहा फ्रेंच भट्ट्यांनाही समृद्ध युरेनियमच लागेल.

होमी भाभांनी 1950 च्या दशकात या अडचणीचे उत्तर मांडले होते. वापरलेल्या इंधनातून प्लुटोनियम वेगळे काढायचे, ते जलद प्रजनक भट्टीत वापरून नवे इंधन तयार करायचे आणि शेवटी आपल्या किनाऱ्याच्या वाळूतल्या थोरियमकडे जायचे. माझी अट हीच: या वाटेने जाणार असू, तरच अणुऊर्जा दीर्घकाळची. आक्षेप खरे आहेत. प्रजनक भट्टी थंड ठेवणारे सोडियम हवेत पेट घेते. फ्रान्स आणि जपानने अशा भट्ट्या बंद केल्या. आपल्या कल्पाक्कमच्या भट्टीचे बांधकाम 2004 मध्ये सुरू झाले आणि गाभा भरायला सुरुवात होईपर्यंत मार्च 2024 उजाडला. पण रशियातली बेलोयार्स्कची भट्टी 1980 पासून वीज देते आहे, म्हणजे काम अवघड आहे, अशक्य नाही. उरलेला किरणोत्सारी कचरा तारापूरला काचेत गोठवतात. तो पिढ्यान्‌पिढ्या सांभाळावा लागेल, हे लपवण्यात अर्थ नाही.

सूर्य आणि वारा पुरेसे नाहीत का? दिवसा सौर वीज स्वस्त आहे, ती जरूर वाढवावी. रात्रीसाठी ती साठवायची तर पाणी वर चढवून ठेवणारे उदंचन प्रकल्प आहेत. भिऱ्यालाही तशी 150 मेगावॅटची सोय आहे. पण त्यांना वर-खाली दोन जलाशय लागतात, आणि जलाशयासाठी कोणाची जमीन जाते हे मुळशीकरांना वेगळे सांगायला नको. तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावेही उठली.

म्हणून मते मागायला येणाऱ्यांना दोन प्रश्न जरूर विचारा: इंधनाच्या पुनर्प्रक्रियेसाठी आणि प्रजनक भट्ट्यांसाठी किती पैसा ठेवला, आणि पहिली कुदळ पडण्याआधी विस्थापितांचे पुनर्वसन पुरे होणार की नाही?