‘सर्व्हर दिसत नाही’ म्हणजे नक्की काय?



शाळा-कॉलेजांच्या आणि लहान संस्थांच्या कार्यालयांतले कॉम्प्युटर सांभाळणं हा माझा व्यवसाय. या कामात सर्वांत जास्त वेळा येणारा फोन एकच, “सर, सर्व्हर दिसत नाही!” हा सर्व्हर बहुतेक ठिकाणी कपाटामागे नाहीतर जिन्याखाली धूळ खात असतो. त्यावर लिनक्स चालतं, कारण त्याला परवान्याचे पैसे पडत नाहीत आणि ते वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतं. टेबलांवरच्या कॉम्प्युटरवर मात्र विंडोज. पगारबिलं, गुणपत्रकं, दाखल्यांच्या नोंदी सगळं त्या एका सर्व्हरवर आणि पाच-सहा जण आपापल्या जागेवरून तेच फोल्डर उघडतात. या दोन वेगळ्या यंत्रांमधला दुभाषी म्हणजे साम्बा नावाचं सॉफ्टवेअर.

या दुभाष्याचा जन्म मोठा गमतीचा आहे. 1991 च्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅनबेरा इथे पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेलला आपल्या पीसीवरून युनिक्स सर्व्हरच्या फायली उघडायच्या होत्या. यंत्रं एकमेकांशी काय बोलतात हे त्याने तारेवर कान ठेवून ऐकलं आणि तसंच उत्तर देणारा प्रोग्राम लिहिला. पुढे त्याने याला फ्रेंच कॅफेची उपमा दिली. भाषा येत नसेल तर कोपऱ्यात बसायचं आणि गिऱ्हाईक काय म्हणतं, वेटर काय आणून देतो हे बघत राहायचं. या बोलीचे अधिकृत कागद मायक्रोसॉफ्टकडून साम्बावाल्यांच्या हाती पडायला 2007 चा डिसेंबर उजाडला, तोही युरोपातल्या कोर्टकज्ज्यानंतर आणि दहा हजार युरो मोजून. तोवर बराचसा कारभार कानावरच.

आता आपल्या फोनकडे येऊ. ‘दिसत नाही’ या दोन शब्दांत तीन निरनिराळी दुखणी लपलेली असतात. सर्व्हर नेटवर्कच्या यादीत दिसत नाही, हे एक. दिसतो पण उघडत नाही, हे दुसरं. उघडतो पण फाइल सेव्ह होत नाही, हे तिसरं. पहिलं तर पुष्कळदा दुखणंच नसतं. ती यादी जुन्या पद्धतीने तयार होत असे, ती पद्धत नव्या विंडोजने सोडली. यादीत नसलेला सर्व्हर, दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्याचं नाव टाइप केलं की मुकाट्याने उघडतो. नावाने उघडला नाही आणि आयपी क्रमांकाने उघडला, तर दोष नावं सांगणाऱ्या यंत्रणेत. क्रमांकानेही नाही, तर केबल, स्विच, फायरवॉल बघायचं. साम्बाच्या फाइलला हात लावायची वेळ त्यानंतर येते. आमचे पुष्कळसे तंत्रज्ञ सुरुवातच तिथून करतात आणि चालू असलेलं बिघडवून ठेवतात.

दुसऱ्या दुखण्याचं एक उदाहरण सांगतो. एका शिक्षणसंस्थेत विंडोज 11 चा नवा कॉम्प्युटर आला आणि त्यावरून सर्व्हर काही केल्या उघडेना. शेजारच्या विंडोज 7 वरून मात्र उघडत होता. दुसऱ्या दिवशी पगारबिल पाठवायचं होतं. हेडक्लार्क बाई म्हणाल्या, “आधीचे भाऊ म्हणत होते, एक टिक केली की दोन मिनिटांत चालू होईल.” भाऊंचं म्हणणं खोटं नव्हतं. सर्व्हर 2010 चा. त्यावरच्या साम्बाला या बोलीची फक्त पहिली आवृत्ती येत होती, एसएमबी-1. नव्या विंडोजमध्ये ती बंदच असते, पण टिक करून चालू करता येते.

मी ती टिक करू दिली नाही. 12 मे 2017 रोजी वॉनाक्राय नावाचा व्हायरस जगभर पसरला. फायलींना कुलूप ठोकून तो पैसे मागत होता. ब्रिटनमधल्या सरकारी रुग्णालयांना त्या दिवशी रुग्ण परत पाठवावे लागले. विंडोजमधल्या याच पहिल्या बोलीच्या खिंडारातून तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर उड्या मारत होता. खिंडार बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती, पण ती बसवतो कोण? त्यानंतर विंडोजने ही बोली काढायला घेतली आणि 2019 मध्ये साम्बानेही ती आपणहून बंद ठेवायला सुरुवात केली. विद्यार्थ्यांची सगळी नोंद जिथे आहे, तिथे ते दार दोन मिनिटांच्या सोयीसाठी उघडायचं?

बाईंना म्हटलं, पगारबिल आज जुन्या कॉम्प्युटरवरून करा. ते गेलं. मग सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, दोन-चार फायली उघडून खात्री केली आणि सर्व्हरवर नवं लिनक्स, नवं साम्बा चढवलं. एक विंडोज एक्सपी होता, त्याला पहिल्या बोलीशिवाय काही येत नाही. त्याच्यावरचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडला आणि एक्सपीची केबल काढली. त्याबद्दल लेखनिकांनी आठवडाभर माझ्याशी अबोला धरला, पण त्याला इलाज नव्हता.

तिसरं दुखणं परवानगीचं. सोसायटीच्या फाटकावर वॉचमन असतो आणि फ्लॅटला वेगळं कुलूप असतं. साम्बाची परवानगी म्हणजे वॉचमन आणि लिनक्सची परवानगी म्हणजे कुलूप. दोघांनीही हो म्हणायला हवं. साम्बाची पासवर्डांची वहीही लिनक्सच्या वहीहून बहुधा वेगळी असते. एकीकडे पासवर्ड बदलला तरी दुसरीकडे जुनाच राहतो आणि माणूस बरोबर पासवर्ड टाइप करूनही बाहेर उभा. विंडोजची आणखी एक खोड म्हणजे एका सर्व्हरकडे तो एका वेळी दोन नावांनी जाऊ देत नाही. जोशीबाईंच्या नावाने जोडलेलं असेल, तर कांबळे सरांना आधीची जोडणी तोडावी लागते.

यावर आपल्याकडचा रामबाण उपाय म्हणजे ‘सात-सात-सात’. पहिला सात मालकासाठी, दुसरा त्याच्या गटासाठी आणि तिसरा साऱ्या जगासाठी: वाचा, लिहा, पुसा. तक्रार तत्काळ थांबते, हे खरं. पण मग गुणपत्रक कुणी बदललं, हे विचारायची सोय राहत नाही. कार्यालयातल्या चौघांचा एक गट करावा, फोल्डर त्या गटाच्या मालकीचं करावं आणि त्यात तयार होणारी प्रत्येक फाइल गटाचीच राहील अशी खूण करून ठेवावी. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता एक खास मराठी घोटाळा. लिनक्स इंग्रजी लहान आणि मोठी अक्षरं वेगळी मानतं, विंडोज मानत नाही, त्यामुळे इंग्रजी नावांचे गोंधळ होतात. देवनागरीत ही भानगड नाही, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण ‘कर्मचाऱ्यांची यादी’ घ्या. त्यातला पापणीसारखा आडवा र दोन तऱ्हांनी टाइप होतो. साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन, किंवा खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त देऊन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, यंत्राच्या लेखी मात्र दोन नावं. एका कार्यालयात एकाच फोल्डरमध्ये याच नावाच्या दोन फायली होत्या. एक जण एकीत भर घालत होता, दुसरी दुसरीत. “सर्व्हर आमचं काम पुसतो” अशी लेखी तक्रारही झालेली! सर्व्हरचा काही दोष नव्हता, नुसत्या विंडोजवरही हेच झालं असतं. मी दोन्ही फायलींची नावं अक्षरागणिक सुटी करून दाखवली, तेव्हा कुठे पटलं. मग दोघांनी शेजारी बसून चार महिन्यांच्या नोंदी ताडून बघितल्या. सदतीस नावं एकीत होती, दुसरीत नव्हती.